सात देवांची भावंडं

आदिलाबाद जिल्ह्यात डोंगरातल्या गोंड-कोलामांच्या राहणीचं एक संग्रहालय आहे. त्यातले निम्मे पुतळे माझ्या हातचे. वीस वर्षं मी हे ज्याला त्याला ऐकवत आलो, घरी आलेल्या पाहुण्यांना फोटो दाखवले, पण उद्घाटनानंतर स्वतः एकदाही तिकडे फिरकलो नाही. या दिवाळीनंतर जाऊन आलो. तुमच्यापैकी कोणी तिथे गेलं नसेल तर जरूर जा. फक्त लग्नाच्या देखाव्यापुढे उभे राहाल तेव्हा खालची हकिकत ध्यानात असू द्या.

मी चित्रकलेचा मास्तर. आजोबा निजामाच्या अमदानीत पेशकार म्हणून आदिलाबादला आले आणि तिथलेच झाले. पुढे राज्यं जोडली गेली, तोडली गेली, आम्ही काही हललो नाही. निवृत्तीनंतर लेकीने नागपूरला नेलं तेव्हा कुठे हललो.

संग्रहालय उभं राहत होतं तेव्हा पुतळ्यांचं काम माझ्याकडे आलं. चेहरे मनाने काढायचे नाहीत, असा माझा हट्ट. उटनूरच्या बाजूच्या एका गोंड गावात महिनाभर मुक्काम ठोकला आणि खरी माणसं समोर बसवून रेखाटनं केली. लग्नाच्या देखाव्यासाठी मानकू नावाची मुलगी आणि चित्रू नावाचा तरुण निवडला. दोघांना वेगवेगळ्या दिवशी बसवलं होतं, त्यामुळे कोणाची जोडी कोणाशी लावणार हे त्यांना ठाऊक नव्हतं. दोघांची आडनावं वेगळी आहेत ना, एवढं मी विचारून घेतलं होतं. आपल्याकडे गोत्र विचारतात, तसं आडनाव विचारलं की झालं, असा माझा समज.

गोंडांत तेवढ्याने भागत नाही. त्यांच्यात चार देवांची, पाच देवांची, सहा देवांची, सात देवांची अशी कुळं असतात. देवांची संख्या एक, की आडनाव काही का असेना, ती सगळी भावकी. त्यांच्यात सोयरीक होत नाही. मानकू आणि चित्रू दोघंही सात देवांचे. म्हणजे बहीणभाऊ. त्यांना मी बाशिंगं बांधली, शेल्याची गाठ मारली आणि शेजारी शेजारी काचेमागे उभं केलं.

उद्घाटनाला गावातून ट्रॅक्टर भरून लोक आले होते. लग्नाच्या देखाव्यापाशी ते आधी हसले आणि मग एकाएकी गप्प झाले. मला वाटलं, भारावले. आठ दिवसांनी त्या गावचा पाटील आदिलाबादला माझ्या घरी आला. ओसरीवर बसून म्हणाला, "सर, दोघंबी सात देवांचे, बहीणभाऊ. दोघातल्या एकाचं तोंड बदलून टाका. लोक पोरीले नावं ठेवून राह्यले." मी त्याला चहा पाजला आणि म्हणालो, "पाटील, पुतळ्यांना कुठे देव असतात?" हे वाक्य मला फार आवडलं. दुसऱ्या दिवशी ते शाळेत शिक्षकांच्या खोलीतही ऐकवलं आणि सगळे हसले. पाटील मात्र हसला नव्हता, हे मला तेव्हाही दिसलं होतं.

यंदा दिवाळी होताच संग्रहालयाचा राखणदार दौलत याचा फोन आला. त्या महिनाभरात माझं सामान वाहायला, रंग कालवायला जो गडी होता तोच हा. म्हणाला, "सर, चित्रू गेला. पावसाळ्यात ताप आला, आठ दिवसांत खलास. मानकूबाई येऊन राह्यली इथं. फाटकापाशी बसते. आत काही येत नाही."

"का येत नाही?" मी विचारलं.

"सर, तुमाले माईत नाही का?"

मला ठाऊक होतं. पेटी काढली, त्यात पटाशी, ब्रश, तेलरंगाच्या नळ्या भरल्या. लेकीला सांगितलं, जुन्या कामाची डागडुजी आहे. हे काही अगदीच खोटं नव्हतं.

इचोडा

गुडीहत्नूरला उतरून इंद्रवेल्लीकडची गाडी धरायची, हे मला पाठ. पण म्हाताऱ्या माणसाची झोप रात्री येत नाही आणि बसमध्ये सोडत नाही. डोळे उघडले तेव्हा इचोडा आलं होतं. कंडक्टर तेलुगूत काहीतरी पुटपुटला. आवाजावरून ते माझ्या वयाबद्दल असावं.

इचोड्याला रस्त्याच्या दुतर्फा ट्रक लागलेले, कापसाने इतके फुगलेले की दोर तटतटत होते. रस्त्याकडेला, बाभळीच्या काट्यांवर, चहाच्या दुकानाच्या छपरावर कापूस उडून बसला होता. एका ढाब्यावर बसलो. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वर लाल मिरचीचा ठेचा. नागपूरला लेक मला बेचव खायला घालते, डॉक्टरने सांगितलंय म्हणून. त्या ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं आणि पहिल्यांदा घरी आल्यासारखं वाटलं. ढाबेवाला मराठीच निघाला. त्याने विचारलं, "कोण्या गावचे?" मी सवयीने म्हणालो, "आदिलाबाद जिल्हा." तो हसला. "कोणता? एका दसऱ्याला फोडून चार केले. निर्मल निराळा, मंचेरियल निराळा, आसिफाबाद निराळा. माझी बायको मुधोळची. काल-परवापर्यंत एकाच जिल्ह्यातले होतो, आता तिचं माहेर परजिल्ह्यात गेलं. म्हणते, आता तरी मले माहेरी जास्त दिवस ऱ्हाऊ द्या!"

मीही हसलो. पण भाकर मोडता मोडता वाटलं, जिल्हा तोडायला एक दसरा पुरला आणि माझ्याच्याने दोन पुतळे वीस वर्षांत वेगळे झाले नाहीत.

इचोड्याहून सिरिकोंड्याच्या अंगाने एक जीप जात होती. ड्रायव्हर धरून तेरा माणसं, दोन बकऱ्या आणि एक शिलाई मशीन. माझी पेटी मांडीवर. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "दवाखान्याची पेटी हाय का?" मी नाही म्हणालो. तरी पुढचा तासभर तो मला गुडघ्याचं दुखणं सांगत होता. काळी जमीन मागे पडली, लाल मुरूम सुरू झाला आणि दोन्ही बाजूंनी साग चढू लागला. सागाची पानं या दिवसांत वाळून चरचरीत होतात. जीप वळणावर हळू झाली की त्यांचा आवाज येई. वीस वर्षांपूर्वी याच रस्त्याने मी प्लास्टरची पोती घेऊन गेलो होतो. तेव्हा मी गाणं म्हणत होतो, हे आठवलं आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

फाटकापाशी

संग्रहालय टेकडीवर आहे. फाटकाजवळ मोहाचं एक मोठं झाड, त्याखाली सिमेंटचा बाक. दौलत पायऱ्या उतरून आला, पेटी हातातून घेतली. केस पांढरे झालेत त्याचे. "सर, तुमी तर पार वाळून गेले," असं माझं स्वागत झालं.

बाकावर नाही, बाकाशेजारी जमिनीवर एक बाई बसली होती. हिरवं लुगडं, हातात कथलाच्या जाड बांगड्या. माझ्या हातांनी जो चेहरा घडवला, तो मी ओळखला नाही. तिने मला लगेच ओळखलं.

"राम राम, मास्तर."

"राम राम, मानकूबाई."

मी बाकावर टेकलो आणि म्हणालो, "चित्रूचं कळलं. वाईट झालं."

"कळलं ना? आता कळलं." तिने पदर सारखा केला. आवाज चढवला नाही. "मास्तर, माझं लगन झालं तवा मांडवात माझ्यामागं भाऊ म्हणून त्यानं उभं राहावं, असं ठरलं होतं. सख्खा भाऊ मले नाही. पण लोक हासत. बजारात हासत. 'नवरा आला, नवरी आली' म्हणत. मंग पंचांनी सांगतलं, एका दारात उभं राहू नका. तो आलाच नाही मांडवात. ढोलाच्या आवाजातही मी वाटच पाहून राह्यली होती."

मग तिने दंडारीचं सांगितलं. दिवाळीच्या दिवसांत गोंडांची नाचणारी मंडळी सोयऱ्यांच्या गावाला जातात, त्याला दंडारी म्हणतात. त्यात मोरपिसांचे मोठे टोप घालून गुसाडी नाचतात. चित्रू त्याच्या गावचा पहिल्या नंबरचा गुसाडी. मानकू दिली ते गाव त्या दंडारीच्या वाटेवरच. "दरसाल दंडारी यायची माझ्या दारात. मी टोप मोजायची. त्याचा एक कमीच. आमच्या गावच्या शिवेवर टोप उतरवून तो झाडाखाली बसून राह्यचा. मंडळी परत गेली की तिथून उठायचा."

आमच्या घरी भाऊबीजेला भाऊ आला नाही तर बहीण चंद्राला ओवाळते. मला माझी बहीण आठवली. एकदा शाळेच्या प्रदर्शनामुळे मी भाऊबीजेला गेलो नव्हतो, तर तिने पुढे सहा महिने टोमणे मारले होते. इथे वीस दिवाळ्या गेल्या होत्या आणि ही बाई टोमणाही मारत नव्हती. मारला असता तर माझं निभावलं असतं.

"त्याचा फोटो नाही कुठे?" मी विचारलं.

"आधार कार्डावर हाय. त्याच्या पोरानं दाखवला. पिकल्या मिशीवाला कोणी बाप्या." तिने मान हलवली. "त्याले मी वळखत नाही, मास्तर. त्याच्या मिशा पिकताना मी पाह्यल्याच नाही. मी वळखते तो तिथं आत उभा हाय. पण त्याच्या बाजूनं मीच नवरी होऊन उभी हाय, त मी कशी जाऊ त्याच्यापुढं?"

मी तिथल्या तिथे शब्द दिला. म्हणालो, "मी तुझा चेहरा फोडून टाकतो. दुसरा करतो."

"फोडता काऊन?" ती पहिल्यांदाच चिडली. "भावाच्या लग्नात बहीण नसते का? तुमच्यात नसते का?"

आमच्यात असते. करवली म्हणतात. नवरदेवाच्या मागे दिवा घेऊन उभी राहते, मिरवते, मानपान मागते. जन्मभर लग्नं पाहिली, पण हे मला सुचलं नव्हतं. पाटील ओसरीवर बसला होता तेव्हा मी तासभराचं काम म्हणून हे करून टाकलं असतं, तर त्या झाडाखाली चित्रूला एकदाही बसावं लागलं नसतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती वाटून आता कोणाला काही उपयोग नव्हता.

कोणाला विचारायचं

दौलतचं म्हणणं, परवानगी पाहिजे. कोणाची, हे त्यालाही माहीत नव्हतं. "गावानं अर्ज केला होता तवा कागद आदिलाबादला होता. मंग राज्य बदललं, कागद हैद्राबादला गेला म्हणे. मंग जिल्हे फोडले तवा फायली वाटल्या. आपली कोणाच्या वाट्याले गेली, काय माईत."

शेवटी त्याने एका साहेबांना फोन लावला. नवीन आलेले, वरंगलकडचे तरुण अधिकारी. मी हिंदीत सगळं सांगितलं. बहीणभावापर्यंत आलो तेव्हा त्यांनी दोघांची नावं पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाले, "आप ही ने बनाया था न सर? तो रिपेर समझ के कर दीजिए. तोड़िए मत, बस." एका मिनिटात झालं. मी एवढी वर्षं कुठल्याच साहेबाला विचारलं नव्हतं.

काचेमागे

आत गेल्यावर आधी मी माझीच कामं पाहिली, हे कबूल करतो. कोलामांचं बांबूच्या तट्ट्यांचं घर अजून सुरेख आहे. प्रधान म्हणजे गोंडांचा भाट, त्याच्या किंगरीची एक तार तुटली आहे. शेतावरच्या बाईच्या पाटीत कोणी तरी शेंगदाण्याची टरफलं टाकली होती. सगळ्यांवर धूळ होती आणि सगळ्यांची नाकं सरळ होती. इतकी सरळ नाकं एका गावात असतात का, असं मनात आलं, पण पुढे गेलो.

दौलतने लग्नाच्या देखाव्याची काच सरकवली. आत मांडव, मडकी, ढोल वाजवणारे दोघे आणि मध्ये ती जोडी. पुतळे मागे-पुढे होईनात. मीच पाय सिमेंटमध्ये बसवले होते, शंभर वर्षं टिकावेत म्हणून. मानकूला चित्रूच्या मागे नेणं शक्य नव्हतं. मग जे सुटं होतं तेवढं काढायचं ठरवलं. तिच्या कपाळावरचं बाशिंग काढलं. त्याखाली रंग ताजा राहिला होता, एक उजळ पट्टा निघाला. त्यावर मी हाताला लागेल तो मातकट रंग चढवला. हळदीचे हात धुतल्यासारखे केले. मडक्यावरचा दिवा उचलून तिच्या हातात बसवला. तो हात मुळात नवऱ्याचा हात धरायला म्हणून मी पुढे काढला होता, त्यात दिवा बरोबर बसला.

राहिली शेल्याची गाठ. तिला मी व्हार्निश पाजलं होतं. ती काही नखाने सुटेना. पटाशीने कापू लागलो तर दौलत म्हणाला, "कापू नका सर, सोडवा. गाठ कापली त वाईट." तो टर्पेंटाइन आणत राहिला, मी बोटांनी भिजवत राहिलो. म्हाताऱ्या बोटांची कातडी सोलली. दिवस कलला तेव्हा गाठ सुटली आणि शेल्याची दोन टोकं दोन बाजूंना पडली. दौलतने 'वर-वधू' लिहिलेली पाटी काढून भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि तो फाटकाकडे गेला.

मानकूबाई आली ती भिंतीला धरून. देखाव्यापुढे उभी राहिली, पण आधी वर पाहिलंच नाही. खाली पडलेली शेल्याची टोकं पाहिली, मग दिवा, मग स्वतःचं तरुण तोंड. त्याकडे तिने एखाद्या परक्या पोरीकडे पाहावं तसं पाहिलं. मग चित्रूकडे वळली. मी बाजूला झालो. मनात म्हटलं, चला, एवढं तरी आपल्या हातून झालं.

ती बराच वेळ पाहत राहिली. गोंडीत काहीतरी हळू बोलली. एक पाऊल पुढे झाली, पुन्हा पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मास्तर, वण कुठं हाय?"

"कसला वण?"

"गालावरचा. इकडला." तिने स्वतःच्या उजव्या गालावर बोट ठेवलं. "लहानपणी मोहाखाली भांडण झालं होतं. म्या दगड मारला. रगत थांबेना. त्यानं घरी माझं नाव सांगतलं नाही, झाडावरून पडलो म्हणे. तो वण कुठं गेला?"

वण माझ्या रेखाटनात होता. तो मी नीट काढलाही होता, डोळ्याखालून ओठाकडे उतरणारा. पुतळा करताना मात्र बुजवला. नवरदेवाच्या तोंडावर वण शोभत नाही, म्हणून. नाकही थोडं सरळ केलं. तिला मी हे सगळं सांगितलं, कारण खोटं बोलायला आता जागाच उरली नव्हती.

ती रडेल असं वाटलं. ती रडली नाही. चित्रूच्या गुळगुळीत गालावर तिने अंगठा फिरवला, दोनदा, काहीतरी पुसून पाहावं तसा. म्हणाली, "त मंग हे कोणाले पाहायले आली मी?"

मी पेटी उघडली, पटाशी काढली. तिने नखाने गालावर रेघ ओढून दाखवली, कुठून सुरू आणि कुठे संपतो. दौलतने पुतळ्याचं डोकं मागून धरलं, जणू त्याला दुखणार होतं. पहिल्या घावाला रंगाचा पापुद्रा उडाला आणि आतलं पांढरं प्लास्टर दिसलं. मी पटाशी आणखी दाबली.

तिने माझं मनगट धरलं.

"एवढा खोल नको, मास्तर," ती म्हणाली. "इतक्या जोरानं नव्हता मारला म्या."